खंडेनवमीआधीची गाडी-तपासणी: पहिल्यांदा दुचाकी हाती आलेल्यांसाठी

वडिलांची शंभर सीसीची गाडी १५ वर्षांची झाली तेव्हा ती रिपासिंगला, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत, नेण्याचं काम माझ्याकडे आलं. इंजिन पहिल्या किकला सुरू व्हायचं, धूर नव्हता, अॅव्हरेज अजून चांगलं होतं. मी निर्धास्त होतो. निरीक्षकांनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रेक दाबा." दाबला. "पुढचा दाबा." तोही दाबला. मागचा दिवा होता तसाच मिणमिणत राहिला. मग ते चेसिस नंबर पाहायला वाकले, तर हँडलखाली कधीतरी मारलेला काळा रंग, त्याखाली गंज, आणि आकडे कुठेच दिसेनात. गाडी परत पाठवली.

घरी येताना रस्ताभर माझ्या डोक्यात एकच विचार होता, हा दिवा नेमका कधीपासून बंद असेल? त्याच हिवाळ्यात आईला मागे बसवून मी दोनदा रात्री पारोळ्याहून आलो होतो, धुळे-जळगाव हायवेने, जिथे मागून सतत ट्रक येत असतात. मी दाबलेला ब्रेक त्यांच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

गावातल्या मिस्तरींकडे गाडी नेली, तर ते अहिराणीत म्हणाले, "इंजिन ते मस्त शे आप्पा, पन मांगे कोन देखस?" खरंच, मागे कोणी पाहत नाही. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं चालते, आणि तोवर पीयूसीचा धूर सोडला तर कायद्याने कोणी ती तपासत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी सक्तीची आहे. तिथे मोटारसायकली नापास होतात त्या सर्वांत जास्त दिव्यांमुळे आणि इंडिकेटरमुळे. ब्रेक, टायर, हँडल, शॉकअपचे दोषही तिथे नेहमीचे. आपल्याकडच्या कोणत्याही गॅरेजमध्ये तासभर बसलात तर हेच दोष दिसतील. फरक एवढाच की आपल्याला ते कोणी सांगत नाही. म्हणून ती वार्षिक तपासणी आपणच करायची. कशी करायची ते क्रमाने सांगतो. गाडी नवी असो, वडिलांकडून आलेली असो की सेकंडहँड घेतलेली, क्रम तोच.

दिवस कोणता धरायचा

मी खंडेनवमीच्या आधीचा रविवार धरतो. दसऱ्याला आपण गाडी धुऊन हार घालतोच, आणि अवजारांची पूजा नवमीला होते. त्याआधी ती नीट तपासली तर पूजेलाही अर्थ येतो. दुसरं कारण हवामानाचं. तोवर पावसाळा सरलेला असतो आणि चार महिन्यांचा काळ्या मातीचा गारा ब्रेकमध्ये, चेनमध्ये, स्विचमध्ये जाऊन सुकलेला असतो. आणि लगेच पुढे कापसाचा, उसाचा हंगाम लागतो. रात्री रस्त्यावर विनादिव्यांच्या ट्रॉल्या, हवेत धूळ, लवकर पडणारा अंधार. तुमची गाडी दिसणं आणि थांबणं सर्वांत गरजेचं असतं ते याच दिवसांत.

आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन वाळू द्या. शेतातल्या मोटारीचा पाइप चालेल, पण पाण्याची जोराची धार चाकाच्या मधोमध, हँडलच्या मुळाशी आणि सायलेन्सरच्या तोंडात मारू नका. बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि महिन्याभराने खरखर सुरू होते. सकाळी गाडी ओट्यावर किंवा फरशीवर डबल स्टँडला लावा. मातीच्या अंगणात स्टँड रुततो आणि गाडी तिरपी राहते. १० ते १७ नंबरचे पाने, प्लगपाना, स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचा गेज, जुना टूथब्रश, वाटीभर डिझेल, चिंध्या आणि एक वही एवढं पुरतं. मदतीला घरातलं कोणीतरी हवं. काहीही दुरुस्त करायच्या आधी पूर्ण गाडी तपासा आणि सापडेल ते वहीत लिहा. पहिल्याच दोषावर पाना लावून बसलात तर दुपार तिथेच जाते आणि बाकीचं राहून जातं.

दिवे: इथे घाई करू नका

हे काम अंधार पडल्यावर करा. दिवसा बल्ब लागतो की नाही एवढंच कळतं. उजेड कुठे पडतो ते कळत नाही.

सुरुवात मागून करा. गाडीची पाठ भिंतीकडे करून इंजिन चालू करा आणि भिंतीवरचा लाल उजेड आरशात पाहा. पायाचा ब्रेक अगदी हलका दाबा. पेडल एक-दीड सेंटिमीटर खाली गेलं की उजेड ठळक वाढला पाहिजे. पूर्ण जोर दिल्यावरच दिवा लागत असेल तर मागच्याला तुमचा ब्रेक उशिरा कळतो. पेडलजवळ एक बारीक स्प्रिंग वर एका स्विचला जोडलेली असते. पावसाळ्यात हीच स्प्रिंग मातीने जाम होते, नाहीतर गंजून तुटते. टूथब्रशने साफ करा, स्विचवरचा नट फिरवून उंची जुळवा, दोन थेंब तेल सोडा. बऱ्याच गाड्यांना हाताच्या ब्रेकपाशीही असा स्विच असतो, तो वेगळा तपासा. दोन्हींपैकी एक चालतो म्हणजे झालं असं समजू नका.

मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक रात्रभर जळणारी आणि दुसरी ब्रेकला पेटणारी. ब्रेकची तार तुटली तरी दिवा लागलेलाच दिसतो, म्हणून मालकाला कळत नाही. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. नवा बल्ब घेताना जुना दुकानात न्या. त्याच्या दोन खिळ्या एकाच उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली असते. त्यामुळे तो एकाच बाजूने नीट बसतो. उलटा दाबून बसवला तर रात्री चालताना दिवा भगभगीत जळतो आणि ब्रेक मारल्यावर मंद होतो.

आता इंडिकेटर. चारही बाजूंनी फिरून पाहा. एका बाजूची लुकलुक एकदम जलद झाली किंवा दिवा नुसताच लागून राहिला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर उघडझाप करत असेल तर बल्ब बदलून उपयोग नाही. अर्थिंगची वायर जिथे फ्रेमला बसते तिथे गंज चढलेला असतो. नट सोडवून साफ करा, घट्ट करा. खेडोपाडी फिरणाऱ्या गाड्यांमध्ये हा दोष फार आढळतो आणि लोक विनाकारण बल्बमागून बल्ब बदलत राहतात.

हेडलाइटसाठी गाडी भिंतीपासून चार-पाच मीटरवर उभी करा, पण रिकामी नाही. रोज मागे जे असतं ते ठेवा, बायको असो, भाऊ असो की दुधाचे कॅन. मागे वजन आलं की गाडीचं तोंड वर होतं आणि रिकाम्या गाडीवर जुळवलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डिपरवर असताना उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा खाली राहिली पाहिजे. हेडलाइटखालचा नट सैल करून वाटी खाली-वर करता येते. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना दिव्याचं बटणच नसतं, इंजिन चालू तोवर दिवा चालू. तो दिवसा डोळ्यांत येतो म्हणून काही जण वायर कापून वेगळा स्विच लावतात. तसं करू नका. दुपारच्या उन्हात, केळीच्या बागांमधल्या वळणावर समोरच्याला तुम्ही दिसता ते त्या दिव्यामुळेच.

मागचा लाल रिफ्लेक्टर तुटला असेल तर नवा लावा. बॅटरी बसली आणि सगळे दिवे गेले तरी मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात तो चमकतो.

ब्रेक

आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांना मागे बहुतेक ड्रमच असतो. ड्रम न उघडता ब्रेक शू किती उरला ते कळतं, पण ही खूण पुष्कळांना माहीत नसते. मागच्या चाकाच्या मध्यावर, ब्रेकचा रॉड ज्या दांडीला जोडलेला असतो, तिच्या मुळाशी एक छोटा बाण असतो. त्याच्या शेजारी ड्रमच्या झाकणावर एक रेघ किंवा खूण ओतलेली असते. दोन्हींवरची माती खरवडा. मग कोणाला तरी पेडल जोराने दाबून धरायला सांगा आणि बाण पाहा. तो खुणेपर्यंत पोचत असेल तर शू संपला, मग रॉडचा नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. आणि नट आधीच जवळजवळ शेवटपर्यंत आवळलेला असेल तर बाण पाहायचीही गरज नाही, ती स्वतःच मोठी खूण आहे.

शू शिल्लक असेल तर पेडलचा ढिलेपणा जुळवा. बहुतेक गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर पेडल खाली गेल्यावर ब्रेक लागायला सुरुवात व्हावी. जुळवून झालं की चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरलं पाहिजे. घासत राहिलं तर ड्रम तापतो, अॅव्हरेज घटतं आणि शू आणखी लवकर जातो. पावसाळ्यानंतर ब्रेक लावल्यावर कर्रर्र असा आवाज येत असेल तर आत वाळूमातीचा थर आहे. ड्रम उघडून ओल्या फडक्याने पुसून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारून ती धूळ उडवू नका, जुन्या लायनरची भुकटी फुप्फुसात जाणं फार वाईट.

ड्रमपासून फ्रेमकडे जाणारी एक लोखंडी पट्टी असते, ती ड्रमच्या झाकणाला फिरू देत नाही. तिच्या दोन्ही टोकांच्या नटांमध्ये स्प्लिट पिन आहेत का ते पाहा. पंक्चर काढताना चाक उतरवलं की या पिना हमखास हरवतात आणि तिथे कोणी तार बांधून देतं, कोणी काहीच बांधत नाही. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताच झाकण चाकाबरोबर फिरतं आणि रॉड वाकून चाक जाम होतं. दोन रुपयांची पिन आहे, डब्यात पाच-सहा ठेवा.

पुढे डिस्क असेल तर पॅडवरची खाच बॅटरीच्या उजेडात पाहा. खाच नाहीशी झाली की पॅड बदला. हँडलवरच्या छोट्या टाकीत ऑइलची पातळी खालच्या रेघेच्या वर हवी. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी कितीही कमी चालली असो. लिव्हर स्पंजासारखी दबत असेल तर आत हवा शिरली आहे. ते काम मात्र मिस्तरींनाच द्या.

कन्नडचा घाट किंवा तोरणमाळचा घाट दोघं बसून उतरणार असाल तर हे सगळं जायच्या आधी पाहा. उतारावर नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी सोडली तर ड्रम तापून ब्रेक हळूहळू लागेनासा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा.

टायर आणि चाकं

टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. तिथून सरळ वर, नक्षीच्या खोबणीत एक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला, मग मध्ये गुळगुळीत आणि कडांना नवा दिसत असला तरी. त्याच बाजूला चार आकड्यांचा एक गट असतो, जसं २३१९. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे हा टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. भुसावळ-जळगावच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजायच्या आधीच तडकतो. नक्षीच्या तळाशी आणि बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर नक्षीवर जाऊ नका, बदला.

चाक हळूहळू फिरवत खिळे आणि काटे शोधा. बांधावरून, नाल्यातून गाडी नेणाऱ्यांना बाभळीचा काटा काही नवा नाही. तो टायरमध्ये तुटून राहतो आणि आठ-दहा दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ च्या आसपास, दोघांसाठी मागे आणखी, हे बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांना लागू पडतं. पण तुमच्या गाडीच्या चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत जो आकडा आहे तोच शेवटचा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. ते उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो.

तारांचं चाक असेल तर प्रत्येक तारेवर पान्याने हलकं टकटक करा. ताणलेली तार टिणकन वाजते आणि सैल तारेचा आवाज बोदा येतो. दोन-तीन सैल निघाल्या तर चाक आउट व्हायच्या आधी आवळून घ्या. चाकाची वरची आणि खालची कड धरून आडवं हलवून पाहा. खडखडलं तर बेअरिंग गेलं.

कोनसेट आणि शॉकअप

कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. त्याचा दोष हळूहळू वाढतो आणि त्यामुळे चालवणाऱ्याला त्याची सवय होते. डबल स्टँडवर गाडी असताना मागे कोणाला तरी कॅरिअर दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी येईल. आता पुढे बसून दोन्ही शॉकअपचे खालचे पाइप धरा आणि स्वतःकडे ओढा, मागे ढकला. टक्‌ असं जाणवलं तर कोनसेट ढिला आहे किंवा शॉकअपचे बुश झिजलेत. कोणतं ते ओळखायला एका हाताचं बोट हँडलच्या मुळाशी, फ्रेम आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने हलवा. टक्‌ बोटाला लागलं तर कोनसेट.

मग हँडल दोन बोटांनी, अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध, गाडी सरळ जाते त्या जागी, ते हलकेच खोबणीत बसल्यासारखं अडकत असेल तर गोळ्यांनी वाटीत खळगे पाडलेत. असा कोनसेट आवळून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ज्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि रोज दहा किलोमीटर कच्चा रस्ता आहे, त्यांनी ही तपासणी वर्षातून दोनदा करावी. खळग्यांच्या हँडलवर गाडी सरळ रेषेत सतत थोडी वाकडीतिकडी होत राहते आणि खड्डा चुकवताना हात जड पडतो.

शॉकअपच्या चकचकीत पाइपवर बोट फिरवा. तेलाचं कडं दिसलं तर ऑइलसील गळतंय. ते तेल ओघळून डिस्कवर किंवा ब्रेकवर आलं तर ब्रेक लागत नाही, म्हणून हे लांबणीवर टाकू नका. पाइपवर गंजाचे ठिपके असतील तर नवं सीलही महिन्याभरात कापलं जाईल, तेव्हा पाइपचंही बघा.

चेन

खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर हालचाल असावी. हे एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन असमान ताणली गेली आहे आणि ती जुळवता येत नाही. मागच्या चक्राचे दात एका बाजूला झुकलेले, आकड्यासारखे दिसले तर पूर्ण चेनसेट बदला. जुन्या चक्रावर नवी चेन टाकून पैसे वाचत नाहीत.

चेनचं लॉक पाहा. त्याची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवी, उघडं तोंड मागे. उलटं बसवलेलं लॉक माती-दगडाला अडकून निघू शकतं. ताण जुळवल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आकड्यावर आहेत का ते बघा, नाहीतर चाक तिरपं राहतं. डिझेलने चेन धुवा, पुसा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडून जास्तीचं पुसून टाका. इंजिनातलं जळकं ऑइल चेनला ओतायची आपल्याकडे सवय आहे. त्यात आधीच धातूची भुकटी असते, आणि त्यावर आपली धूळ बसून चेनला पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

काढून टाकलेल्या वस्तू

साडीगार्ड, आरसे आणि मागे बसणाऱ्याने धरायचा हँडल या तीन गोष्टी गाडीबरोबर येतात आणि वर्षभरात गायब होतात. गाडी बारीक दिसावी, कॅन लावता यावेत म्हणून. मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण आणि धरायला हँडल असणं बंधनकारक आहे, आणि त्यामागे कारण आहे. पदर किंवा ओढणी तारांत अडकली की गाडी थांबायच्या आत गळ्याला फास बसतो. तुमच्या मागे आई, बहीण, बायको बसत असेल तर हार घालायच्या आधी साडीगार्ड लावा. याबाबतीत माझं दुसरं काही ऐकलं नाही तरी चालेल, एवढं ऐका.

एक्सीलेटर पिळून सोडा, तो आपोआप झटकन मागे आला पाहिजे, हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवूनही. क्लचची केबल लिव्हरपाशी उसवली असेल तर ती रस्त्यात तुटायच्या आधी बदला. साइड स्टँडची स्प्रिंग सैल असेल तर तीही, कारण खाली लोंबता स्टँड वळणावर रस्त्याला टेकतो.

इंजिन आणि धूर

इंजिनाची काळजी सगळे घेतात म्हणून थोडक्यात. ऑइल काडीवर पाहा आणि वेळेवर बदला. एअर फिल्टर मात्र आपल्याकडे पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा लवकर साफ करावा लागतो. जिनिंगच्या आजूबाजूला उडणारा कापसाचा तंतू आणि हंगामातली धूळ त्यात गच्च बसते. मग पेट्रोल जास्त जळतं, धूर काळा होतो आणि पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, ते फिल्टरने जाणार नाही. सायलेन्सरच्या सांध्यातून फटफट आवाज येत असेल तर गॅस्केट बदला. आवाजासाठी सायलेन्सर फोडलेला असेल तर मूळचा परत बसवा.

कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर टाकीपासून येणारा रबरी पाइप वाकवून पाहा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, पाइप तडकतो नाहीतर फुगतो. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर तिच्यात जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका.

कागद आणि रिपासिंग

आरसीवरची मुदत आज काढून पाहा. १५ वर्षं संपत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण पुढच्या पाच वर्षांसाठी होतं. नमुना २५ चा अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून तो करता येतो आणि उशिराला दर महिन्याचा दंड चढतो. दुचाकीचं हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झालं, शिवाय आपल्या राज्यात जुन्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो. चालू विमा आणि चालू पीयूसी लागते. बीएस-४ आणि बीएस-६ (ही धुराची सरकारी मानकं) गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची सहाच महिने. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या. 'दादा', 'आप्पा' लिहिलेली प्लेट काढा. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचं पत्र घेऊन तो आधी उतरवा.

गाडी प्रत्यक्ष नेण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर डिझेल आणि टूथब्रशने साफ करा, आरसीशी एकेक आकडा ताडून पाहा आणि त्यावर व्हॅसलीन लावा. कानस किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. आकडे खोल गंजले असतील तर स्वतः पंच मारून घेऊ नका, त्यासाठी आरटीओची परवानगी लागते, नाहीतर गाडी चोरीची ठरू शकते. त्या दिवशी खिशात एक मागचा बल्ब, एक इंडिकेटरचा बल्ब आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवा. बल्ब ऐन वेळी जातो आणि त्यापायी दिवस फुकट जातो.

सेकंडहँड गाडी घेतानाही वरचाच क्रम. फक्त एक अट घाला, इंजिन थंड असताना दाखवा. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीचा सकाळचा धूर आणि पहिल्या किकची अडचण लपते.

दुरुस्ती झाल्यावर

वहीतली यादी मिस्तरींना वाचून दाखवा आणि एकेक काम झालं की त्यावर खूण करा. आधी ब्रेक, मग दिवे, मग टायर, मग कोनसेट आणि चेन. पैसे कमी असतील तर टाकीचा रंग आणि सीटकव्हर पुढच्या वर्षी. नंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने जाऊन पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा लावून पाहा. गाडी एका बाजूला ओढते का, हँडल थरथरतं का, ते कळेल.

त्या दिवशी रात्री आणखी एक फेरी करा. तुम्ही पुढे, भाऊ किंवा मित्र दुसऱ्या गाडीवर मागे, गावापासून फाट्यापर्यंत. अधूनमधून ब्रेक लावा, इंडिकेटर द्या. फाट्यावर थांबलात की त्याला विचारा, किती लांबून दिसलं.